एक बोट डावीकडे

कसबा पेठेतल्या मकबूलच्या गॅरेजला पाटी नाही. एकेकाळी होती. रस्ता खोदणाऱ्यांनी ती काढून भिंतीला टेकवून ठेवली आणि मग कुणीतरी उचलून नेली. मकबूलनं नवी करून घेतली नाही. ज्याला यायचं तो विचारत विचारत येईल, असं त्याचं म्हणणं, आणि बायकोला वाईट वाटायचं ते याचंच, की त्याचं म्हणणं खरं ठरायचं. स्कूटर पडली आणि हॅंडल आउट झालं, की खडकीपासून वाघोलीपर्यंतची माणसं इथं यायची.

हॅंडल आउट होणं म्हणजे काय, तर चाक आपलं सरळ चाललंय आणि हॅंडल मात्र भलतीकडे तोंड करून बसलंय. चालवणाऱ्याला मग एक हात पोटाशी आणि एक हात लांब धरून जावं लागतं. बाकीचे मेकॅनिक अशा वेळी दोऱ्या बांधतात, पट्ट्या लावतात. मकबूलचं तसं नव्हतं. आधी तो पुढचं चाक धरणारा फोर्क वाकलाय की नुसतं हॅंडल फिरलंय ते बघायचा. फोर्क वाकलेला असला तर सरळ सांगायचा, हे माझं काम नाही. नुसतं हॅंडल असलं, तर कव्हर उघडून बोल्ट सैल करायचा, गाडीच्या समोर उभं राहून चाक दोन गुडघ्यांत गच्च धरायचा, एक डोळा मिटायचा आणि श्वास रोखून हॅंडल हलकेच फिरवायचा. जिथं श्वास सुटेल तिथं थांबायचा. बोल्ट आवळायचा. की झालं. तीस वर्षं हे असंच.

त्याच गाळ्यात, त्याच शटरखाली, हुस्नबानूचं शिलाई मशीन होतं. आतून रस्त्याकडे तोंड करून बसलं की डावीकडे हुस्नबानू आणि तिचे ब्लाउज, उजवीकडे मकबूल आणि त्याचं ऑइल. मधे एक जुना पडदा, ऑइलचे डाग ब्लाउजवर जाऊ नयेत म्हणून. तरी जायचे. घरात दोघांचं बोलणं अर्धं दखनी आणि अर्धं मराठी, भांडण मात्र पूर्ण मराठीत. भांडायला पुण्याची मराठी फार सोयीची, आवाज चढवावा लागत नाही.

पहिली तक्रार आली ती बद्रीनाथकाकांची. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून रिटायर झालेले, म्हणजे आयुष्यभर सुताच्या मापानं काम केलेला माणूस. दिवाळीनंतरच्या एका सकाळी ते स्कूटर घेऊन आले, ती स्टॅंडवर लावली, हेल्मेट काढलं, आणि मग सावकाश म्हणाले, "मकबूलभाई, मी हॅंडल सरळ करायला दिलं होतं. तुम्ही गाडीला मान वळवून बघायला शिकवलंत."

"काय झालं काका?"

"विशेष काही नाही. खडकीपर्यंत सगळा वेळ वाटत होतं, आता डावीकडे वळायचंय."

मकबूल उठला, समोर उभा राहिला, डोळा मिटला. "सरळ आहे."

"तुम्हाला सरळ दिसतंय?"

"तुमचा उजवा खांदा पुढं येतो काका. वय झालं की येतो."

"माझा खांदा चौसष्ट वर्षं माझ्याकडेच कामाला आहे. त्याची तक्रार नव्हती कधी."

हुस्नबानू पडद्याआड हसली. अशी चकमक महिन्यातून एकदा व्हायचीच, दोघांनाही ती आवडायची. मकबूलनं काकांच्या समाधानासाठी बोल्ट पुन्हा सैल केला, पुन्हा श्वास रोखला, पुन्हा आवळला. काका गेले. दुसऱ्या दिवशी परत आले. या वेळी ते काहीच टोमणा न मारता नुसते उभे राहिले, आणि हुस्नबानूचं हसू तिथंच थांबलं.

मग रुपाली आली. वाघोलीच्या एका कॉलेजात शिकवणारी पोरगी, रोज एवढ्या लांब स्कूटरवर जायची. ती म्हणाली, "चाचा, सॉरी हं, पण परत एकदा बघता का? माझंच चुकत असेल, पण मनगट दुखतंय."

काकांशी भांडता येत होतं. सॉरी म्हणणाऱ्या मुलीशी कसं भांडणार? मकबूलनं बघितलं, सरळ आहे म्हणाला, तिला सीटवर नीट बसायला सांगितलं. ती बिचारी नीट बसली आणि तशीच गेली. तिचा डावा हात पोटाशी होता आणि उजवा लांब. हुस्नबानूनं हे पडद्याच्या फटीतून पाहिलं. गळ्यातली टेप तिनं बोटाला गुंडाळली.

तिला आधी चष्म्याचा संशय आला. कुणालाही आला असता. लक्ष्मी रोडला जाऊन डोळे तपासले. नंबर जवळजवळ तोच निघाला. "सांगितलं होतं," मकबूल म्हणाला. येताना पूर्ण रस्ता त्याची छाती पुढं होती.

त्या आठवड्यात एक दिवस तो दुपारी जोहरच्या नमाजाला गेला आणि हुस्नबानू पडदा बाजूला करून त्याच्या बाजूला आली. सकाळीच सरळ करून ठेवलेली एक गाडी उभी होती. तिनं ब्लाउज कापायच्या दोन लाकडी पट्ट्या चाकाच्या दोन्ही अंगांना लावल्या आणि त्या बरोबर मागच्या चाकाच्या रेषेत येईपर्यंत चाक हलवलं. मग टेप. डाव्या मुठीच्या टोकापासून मागच्या दिव्याच्या मध्यापर्यंत एक माप. उजव्या मुठीच्या टोकापासून तिथंच दुसरं माप. ब्लाउजचे दोन खांदे मोजावेत तसं. दोन्ही सारखी यायला हवीत.

डावं माप इंचभर कमी आलं.

टेप जुनी होती. जुन्या टेपा ताणल्या जातात. तिनं पाकिटातली नवी काढली. पुन्हा इंचभर. मग तिनं शेजारची दुसरी गाडी मोजली. तीही डावीकडे, तीही तेवढीच. एक गाडी कात्रजच्या उतारावर घसरली होती, दुसरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभ्या उभ्या पडली होती. पडल्या होत्या वेगवेगळ्या, सरळ करून मात्र दोन्ही एकसारख्या वाकड्या झाल्या होत्या.

हुस्नबानू शाळेत सातवीपर्यंतच गेली होती, पण याचा अर्थ कळायला पुढच्या वर्गांची गरज नव्हती. दोष गाड्यांत नव्हता.

त्याच वेळी तिनं दवाखाना गाठायला हवा होता. पुढं तिला हे कितीतरी जणांनी सांगितलं, आणि प्रत्येकानं असं सांगितलं जणू तिला ते पहिल्यांदाच कळत होतं. पण त्या दुपारी तिच्यासमोर दोन वाकड्या गाड्या होत्या, वीस मिनिटं होती, आणि नमाजाहून परत येणारा एक माणूस होता, ज्याची ओळख सगळ्या पुण्यात एवढीच होती की याची नजर चुकत नाही. तिनं त्याच्या पेटीतला पाना घेतला. तीस वर्षं पडद्याआडून बघत होती, कुठला बोल्ट ते विचारावं लागलं नाही. चाक गुडघ्यांत धरताना साडी आडवी आली, ती खोचली. हॅंडल फिरवलं, मोजलं, फिरवलं, मोजलं. दोन्ही मापं सारखी आली तेव्हा सगळं अंग पान्यावर टाकून बोल्ट आवळला. मकबूल आला तेव्हा ती मशीनवर बसून हुक लावत होती. हात काळे होते. ते तिनं अस्तराच्या कापडाखाली ठेवले.

मग रोजचंच झालं. तो नमाजाला गेला की ती पडद्यापलीकडे जायची. रुपालीला तिनं स्वतः फोन केला, "चाचा बोलवतायत," म्हणून, आणि तिची गाडी, मग तसंच बोलावून काकांचीही, दुपारच्या त्या वीस मिनिटांत बसवली. तक्रारी बंद झाल्या. बद्रीनाथकाका मुद्दाम येऊन म्हणाले, "आता कसं. परवापासून गाडी रस्त्यावरून चालते, माझ्या मनातून नाही."

"खांदा सरळ केलात ना?" मकबूल म्हणाला.

दोघं हसले. हुस्नबानूच्या मशीनखाली दोरा तुटला.

दुसऱ्याही काही गोष्टी होत्या, त्या तिनं अशाच सावरून घेतल्या. त्याच्या ताटात डावीकडचा भात तसाच राहायचा. पानाच्या मधोमध सुरीनं कापल्यासारखा अर्धा भात. ती बोलता बोलता ताट फिरवून द्यायची आणि तो म्हणायचा, "अजून वाढलास? पुरे ना." दाढी करून आला की डाव्या गालावर जबड्याखाली पांढरं कुसळ राहायचं. ती म्हणायची, "अहो, इथं राहिलंय," आणि तो म्हणायचा, "लाइट गेली होती." गेली नव्हती. आणि कधी कधी तो गॅरेजच्या मधोमध उभा राहून हाक मारायचा, "बानू! कुठं गेलीस?"

"इथंच आहे."

"कधी आलीस?"

"एकोणीसशे चौऱ्याण्णव साली."

तो हसायचा आणि उजवीकडून पूर्ण वळून तिला शोधायचा. ती त्याच्या डाव्या हातापासून दोन हातांवर बसलेली असायची.

मुलीला, अरिबाला, तिनं फोन केला. अरिबा खराडीच्या एका कंपनीत होती, आणि आईचं बोलणं ऐकताना तिचा कीबोर्ड चालू असायचा. "अम्मी, अब्बा साठीला आलेत. तू ना ओव्हरथिंक करतेस. काम नीट होतंय ना? कंप्लेंट्स आहेत का काही?"

"नाहीत," हुस्नबानू म्हणाली.

"मग?"

मगचं उत्तर तिच्याकडे होतं, पण ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तक्रारी नाहीत कारण मी रोज दुपारी तुझ्या बापाचं काम पुसून परत लिहिते. हे मुलीला कसं सांगायचं? आणि एकदा सांगितलं की ते त्याच्यापर्यंत जाणार. ती म्हणाली, "जेवलीस का?" आणि फोन ठेवला.

असे अडीच महिने गेले.

प्रत्येक गाडी झाल्यावर मकबूल तिची ट्रायल मारायचा. गल्लीच्या टोकापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. एका शनिवारी सकाळी तो ट्रायलला गेला आणि परत आला तो चालत, गाडी ढकलत. डाव्या कोपराचं सालटं निघालं होतं, पुढचं मडगार्ड दबलं होतं, आणि मागून इस्त्रीवाला श्याम हातात कुणाचा तरी कोळशानं डागलेला शर्ट घेऊन येत होता.

"ही हातगाडी मधेच कुठून आली?" मकबूल विचारत होता. चिडलेला नव्हता. त्याला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

श्यामनं हुस्नबानूकडे पाहिलं. श्यामची हातगाडी त्या कोपऱ्यावर बारा वर्षं होती. तिची चाकं कधीच गेली होती, विटांवर उभी होती ती. "भाभी," तो हळू आवाजात म्हणाला, "मी हात केला. ओरडलो. ते माझ्याकडे बघतच नव्हते. मी आहे हेच त्यांना..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. शर्टाची घडी घातली. "शर्टाचं बघतो मी. तुम्ही यांना दाखवा कुणाला तरी."

सोमवारी अरिबानं सुट्टी काढली. एका मोठ्या हॉस्पिटलात आधी मशीनमध्ये घालून डोक्याचे फोटो काढले, मग तिघांना एका खोलीत बसवलं. मकबूल मधे, अरिबा उजवीकडे, हुस्नबानू डावीकडे. डॉक्टर वयानं अरिबापेक्षा फार मोठी नसेल. तिनं मकबूलसमोर एक कोरा कागद ठेवला, त्यावर आडवी लांब रेघ होती. हातात पेन दिलं.

"काका, या रेघेचा मध्य दाखवाल? बरोबर मधोमध एक खूण करा."

मकबूलला मनापासून आनंद झाला. इतका वेळ सगळे त्याला न कळणारे प्रश्न विचारत होते. आता कुठं कुणीतरी कामाचं विचारलं होतं. त्यानं एक डोळा मिटला. श्वास रोखला. खूण केली.

आयुष्यभर कापडाचे मध्य काढलेल्या हुस्नबानूला टेपची गरज पडली नाही. खूण मध्यापासून चांगली दोन बोटं उजवीकडे होती. तिला एकदम तो कागद झाकावासा वाटला, जणू सगळ्यांसमोर त्याच्या लुंगीची गाठ सुटली होती.

"बरोबर मधे आहे?" डॉक्टरनं विचारलं.

"बरोबर आहे."

डॉक्टरनं कागद उचलला, रेघेची दोन टोकं जुळवून घडी घातली, नखानं दाबली आणि उघडून त्याच्यासमोर ठेवला. घडी एकीकडे, खूण दुसरीकडे. मकबूलनं कागद जवळ ओढून बघितला.

"घडी नीट नाही घातलीत तुम्ही," तो म्हणाला.



डॉक्टर समजावून सांगू लागली. मेंदूच्या उजव्या बाजूला एक छोटा झटका येऊन गेला आहे. डोळ्यांना काही झालेलं नाही, डोळे सगळं बघतात. पण डाव्या बाजूचं जे बघतात ते मेंदू हिशेबात घेत नाही. आणि आपल्याला अर्धंच दिसतंय, हेही त्या माणसाला कळत नाही, त्याला त्याचं जग पूर्णच वाटतं. गाडी आता चालवायची नाही. पुढचा झटका येऊ नये म्हणून गोळ्या. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, व्यायाम आहेत, ते करायचे. मग तिनं फाइलमध्ये बघत विचारलं, "हे साधारण कधीपासून लक्षात आलं?"

"परवा शनिवारी," अरिबा म्हणाली.

"शनिवारचा नाही हा. महिने झालेत. कामात चुका होत असतील ना काकांच्या? काय काम करता काका?"

"हॅंडल सरळ करतो स्कूटरचं," मकबूल म्हणाला. "आणि चुका नाहीत. दिवाळीनंतर एक-दोघं कुरकुरले होते, पण ते त्यांच्या बसण्यामुळं. नंतर एक तक्रार नाही. हिला विचारा ना, ही तिथंच असते."

डॉक्टरनं हुस्नबानूकडे पाहिलं. अरिबानंही पाहिलं. हुस्नबानूनं पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. खोटं बोलायचं तर डॉक्टर चुकीचं औषध देईल, अशी तिला भीती वाटली. औषधाचा आणि त्याचा काही संबंध नव्हता, पण तिला ते ठाऊक नव्हतं.

"चुका होत होत्या," ती म्हणाली. "सगळ्या गाड्या डावीकडे जात होत्या. एक बोट, कधी जास्त. मी मोजायचे. हे नमाजाला गेले की मी परत सरळ करायचे."

"म्हणजे किती दिवस?"

"अडीच महिने."

डॉक्टर रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं म्हणाली, "तेव्हाच आणायला हवं होतं मावशी. उपचार लवकर सुरू झाले असते," आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं. अरिबा "अम्मी!" एवढंच म्हणाली आणि पुढं तिला शब्द सापडेना, इंग्रजीतसुद्धा.

मकबूल समोर, भिंतीवरच्या मेंदूच्या चित्राकडे बघत होता. तो वळून हुस्नबानूकडे बघेल म्हणून ती थांबली. ती डावीकडच्या खुर्चीत होती. म्हणून तो वळला नाही, की त्याला वळायचंच नव्हतं, हे तिला कळायला काही मार्ग नव्हता. आणि तिला वाटलं, आता हे असंच राहणार. यापुढं हा आपल्याकडे बघत नसेल तेव्हा कारण कुठलं, हे आपल्याला कधीच कळणार नाही.

येताना रिक्षा केली. शनिवारवाड्यापाशी सिग्नलला थांबले तेव्हा मकबूलनं विचारलं, "किती गाड्या?"

"सगळ्याच."

"खडकीच्या काकांची?"

"तीपण."

"ते म्हणाले होते, 'आता कसं.'" त्यानं मान हलवली. "मी त्यांना खांद्याचं बोललो."

आठ दिवस तो गाळ्यावर आला नाही. घरी खिडकीत बसून राहायचा. डॉक्टरनं दिलेला व्यायाम हुस्नबानू करून घ्यायची. ताटाच्या डाव्या कडेला लाल मिरची ठेवायची, आणि ती मिरची दिसेपर्यंत मान वळवायची. तो वळवायचा, मिरची दिसली की "ही," म्हणायचा, एखाद्या शहाण्या मुलासारखा. एकदा मिरची शोधून झाल्यावर तो म्हणाला, "मला सांगायचंस तरी बानू."

"काय सांगायचं होतं?"

"हेच. की चुकतंय."

"तुम्ही मानलं असतंत?"

 फसवून उत्तर देणारा माणूस नव्हता तो. "नाही," म्हणाला. "अजूनही कुठं मानतोय. तू सांगतेस, डॉक्टर सांगते, कागद सांगतो. मला मात्र सगळं जिथल्या तिथं दिसतंय."

नवव्या दिवशी रुपालीचा फोन आला. स्पीडब्रेकरवर घसरून पडली होती, तिला लागलं नव्हतं, पण हॅंडल पार फिरलं होतं. दुसऱ्या एका गॅरेजमध्ये नेऊ का, असं तिनं चाचरत विचारलं. तिला बहुतेक श्यामनं सगळं सांगितलं असावं, त्या कोपऱ्यावरून कुठलीच गोष्ट इस्त्री न होता जात नाही. हुस्नबानूनं फोनवर हात ठेवून मकबूलकडे पाहिलं. तो उठून चपला शोधायला लागला. उजवी सापडली. डावी तिनं पायाशी सरकवली.

गाळ्यावर रुपाली उभी होती. मकबूल बसला, फोर्क हातानं चाचपला, चाक उचलून फिरवलं, कानानं ऐकलं. "फोर्क चांगला आहे," तो म्हणाला. "नुसतं हॅंडल." हात होते तसेच होते. हातांना काही झालं नव्हतं. त्यानं कव्हर उघडलं, बोल्ट सैल केला, चाक गुडघ्यांत धरलं, आणि मग तिथंच थांबला.

"टेप आण," तो म्हणाला.

हुस्नबानूनं पट्ट्या लावल्या. रुपालीला मागच्या दिव्याशी टेपचं टोक धरायला लावलं. मकबूलनं हॅंडल फिरवलं, आणि सवयीनं त्याचा डोळा मिटला, श्वास थांबला, सुटला. "इथं."

"अजून उजवीकडे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्या उजवीकडे. तुमच्या डावीकडे."

त्यानं थोडं फिरवलं.

"अजून."

"बानू, आता वाकडं झालं."

"एक बोट अजून."

त्यानं फिरवलं. तिनं डावं माप घेतलं, उजवं घेतलं. पुन्हा दोन्ही घेतली, कारण तिच्या बोटांवर तिचा विश्वास राहिला नव्हता. "बस. सरळ आहे. आवळा."

मकबूल समोरून बघत होता. मान डावीकडे वळवून, मिरची शोधायला शिकवली होती तशी, परत समोर, परत डावीकडे.  "हे वाकडं आहे," तो म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "माझ्या डोळ्यांना दिसतंय ना. ढळढळीत वाकडं आहे. हे आवळून या पोरीला वाघोलीपर्यंत पाठवू?"

"माप सारखं आहे चाचा," रुपाली मागून म्हणाली. "मी बघितलं."

"बघितलं असशील बेटा."

 मकबूलच्या डोळ्यांत हुस्नबानूला जाता येत नव्हतं. टेप त्याच्यासमोर धरून उपयोग नव्हता, टेपचे आकडे तो वाचेल आणि मान्य करेल, आणि तरी त्याला हॅंडल वाकडंच दिसेल. तिला वाटलं, त्याला म्हणावं, राहू द्या, चला घरी. हेही वाटलं, की म्हणावं, तुमचं खरं, असंच ठेवा, आणि मग तो गेल्यावर. पण आता तो नमाजाला जायचा तो तिला बरोबर घेऊनच, मशिदीच्या दारापर्यंत. वीस मिनिटं उरली नव्हती.

तो पाना तिच्यासमोर धरून उभा होता. "तू आवळ. माझ्याच्यानं वाकडं हॅंडल नाही आवळवत."

तिनं पाना घेतला, बोल्टला लावला, अंग टाकलं. बोल्ट फिरला, अर्धा, पाऊण, आणि अडला. तिनं पुन्हा अंग टाकलं. अडीच महिने ती असंच आवळत होती, आणि प्रत्येक वेळी तिला शंका राहायची की पुरेसं झालं की नाही, रस्त्यात कुणाचं हॅंडल फिरलं तर. मकबूलच्या गुडघ्यांत चाक होतं, ते थरथरलं.

"सैल आहे," तो म्हणाला. त्याला न बघताच कळलं. बोल्टचं त्याला अजूनही कळत होतं.

"माझ्यात एवढाच जोर आहे."

 रुपालीनं टेप तशीच धरून ठेवली होती. मग मकबूलनं हॅंडलकडे पाठ फिरवावी तशी मान रस्त्याकडे वळवली, दूर, जिथं तांबट आळीत कुणीतरी तांब्याचा घडा ठोकत होतं, आणि तिकडेच बघत त्यानं हात पुढं केला. हात चाचपडत तिच्या मनगटावर आला, तिथून पान्याच्या टोकावर. तिची बोटं खालीच अडकली. त्यानं ओढलं. बोल्ट कुरकुरला आणि बसला. त्यानं अजून पाव फेरा ओढला, नेहमी ओढायचा तेवढा.

"घट्ट झाला," तो रस्त्याकडे बघतच म्हणाला.